उत्तर कोरियातला अंधार : वीज जाते कुठे आणि येणार कुठून?

प्रश्न : भूगोल शिकवताना मी मुलांना रात्रीच्या पृथ्वीची छायाचित्रं दाखवते. कोरियाच्या चित्रापाशी वर्ग दरवेळी अडतो. दक्षिण कोरिया उजळलेला, चीन उजळलेला आणि मधला उत्तर कोरिया समुद्राइतका काळा. मुलं विचारतात, "तिथे वीजच नाही का?" जो देश अणुबॉम्ब बनवतो त्याच्याकडे घरात दिवा लावण्यापुरती वीज नसेल, हे मलाही पटत नाही. खरं काय आहे?
— एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : तुम्ही दाखवता ते चित्र बहुधा ३० जानेवारी २०१४ चं असावं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून ते टिपलं गेलं आणि नासाने प्रसिद्ध केलं. त्यात प्योंगयांगचा ठिपका आणि आणखी दोन-चार पुसट खुणा सोडल्या तर उत्तर कोरियाची किनारपट्टीसुद्धा ओळखू येत नाही. त्या काळ्या भागात आज सुमारे २ कोटी ६० लाख माणसं राहतात.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. वीज आहे. उत्तर कोरिया स्वतःची आकडेवारी जाहीर करत नाही. दक्षिण कोरियाचं सांख्यिकी कार्यालय दरवर्षी तिचा अंदाज काढतं. त्या अंदाजानुसार १९९० मध्ये उत्तरेत सुमारे २७.७ अब्ज युनिट वीज तयार झाली, २०२१ मध्ये सुमारे २५.५ अब्ज. याच काळात दक्षिण कोरिया सुमारे १०८ अब्ज युनिटांवरून ५७७ अब्जांवर गेला. म्हणजे तीस वर्षांत एक देश पाचपट पुढे गेला आणि दुसरा होता तिथून किंचित मागेच सरकला.

पण याच आकड्याला लोकसंख्येने भागून बघा. दरडोई वर्षाला हजार युनिटांच्या जवळपास वीज येते. त्या सुमारास भारताचा दरडोई आकडा साडेबाराशेच्या घरात होता. म्हणजे कागदावर उत्तर कोरिया आपल्यापेक्षा मागे आहे, पण इतका मागे नाही की अख्खा देश नकाशावरून पुसला जावा. माझ्या मते हा प्रश्न समजून घेताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. वीज कमी आहे हे खरं. पण तयार झालेली वीज आधी कारखान्यांना, खाणींना, लष्कराला आणि राजधानीतल्या ठरावीक वस्त्यांना मिळते. वाटेतल्या जुन्या तारांत आणि रोहित्रांत बरीचशी वाया जाते. खेड्यातल्या घराच्या वाट्याला उरतात दिवसाचे थोडे तास, तेही कमी दाबाचे आणि सांगून न येणारे.

अणुबॉम्बचं कोडंही सुटण्यासारखं आहे. योंगब्योनची जी अणुभट्टी गेली कित्येक वर्षं जगाच्या बातम्यांत आहे आणि जिच्यातून बॉम्बसाठीचं प्लुटोनियम निघालं, तिची वीजनिर्मितीची क्षमता फक्त पाच मेगावॉट आहे. तुमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यांचे सहवीजनिर्मिती प्रकल्प याहून कितीतरी मोठे असतात. बॉम्बला लागणारं प्लुटोनियम काही किलो असतं. देशाला उजेड द्यायचा तर हजारो मेगावॉट, धडधाकट तारा आणि नियमित मिळणारं इंधन लागतं. पहिली गोष्ट एका बंदिस्त आवारात करता येते, दुसरीला सगळा देश चालता असावा लागतो.

हे असं कायमच होतं का? मुळीच नाही, आणि मुलांना हा भाग आवर्जून सांगा. जपानी राजवटीत कोरियाची वीज उत्तरेतच तयार होत असे. डोंगर तिकडे, नद्या तिकडे, कोळसा तिकडे. नोगुची या जपानी उद्योगपतीने १९२० च्या दशकात पुजोन नदीचं पाणी वळवून वीज काढली आणि तिच्या जोरावर हुंगनामला खतांचा प्रचंड कारखाना उभा केला. पुढे चीनच्या सीमेवरच्या यालू नदीवर सुपुंगचं धरण बांधलं गेलं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ते जगातल्या मोठ्या जलविद्युत प्रकल्पांत गणलं जाई. १९४५ मध्ये कोरियाची फाळणी झाली तेव्हा वीजनिर्मितीच्या क्षमतेचा जवळजवळ सगळा वाटा उत्तरेकडे गेला आणि दक्षिण उत्तरेच्या विजेवर जगू लागली. १४ मे १९४८ रोजी उत्तरेने ती तोडली. दक्षिणेतले कारखाने थंडावले. अमेरिकेने पाठवलेलं जकोना नावाचं वीजनिर्मितीचं जहाज बुसान बंदरात उभं होतं, त्यावर आणि हाताशी असलेल्या छोट्या केंद्रांवर दक्षिणेला दिवस काढावे लागले. आज जो देश उजळलेला दिसतो त्याचा जन्म अंधारात झाला, आणि तो अंधार आजच्या अंधाऱ्या देशाने केला होता.

त्यानंतर १९५० ते ५३ चं युद्ध. जून १९५२ मध्ये अमेरिकी विमानांनी सुपुंगसह उत्तरेच्या जलविद्युत केंद्रांवर बॉम्ब टाकले आणि उत्तर कोरिया जवळपास दोन आठवडे विजेविना राहिला. युद्धानंतर सोव्हिएत संघ, चीन आणि पूर्व युरोपातल्या देशांच्या मदतीने सगळं पुन्हा उभं राहिलं, आणि झपाट्याने राहिलं. पण ते ज्या रीतीने उभं राहिलं तिच्यातच पुढच्या संकटाचं बीज होतं. देशात तेल नाही, कोळसा भरपूर. म्हणून जे जे शक्य ते कोळशावर आणि विजेवर चालवायचं असं धोरण ठरलं. रेल्वेचे बहुतेक मार्ग विजेवर आणले. कापडासाठी कापूस नव्हता, तर चुनखडी आणि अँथ्रासाइट कोळशापासून व्हिनालॉन नावाचा धागा काढला. त्या प्रक्रियेला अफाट वीज लागते. शेतीला पाणी द्यायला विजेचे पंप बसवले, खतं कोळशावर आणि विजेवर बनवली. स्वावलंबनाचा हा मार्ग अभिमानाचा होता आणि काही काळ तो चाललाही. त्यात उणीव होती ती राखीव वाटेची. एक दुवा निखळला तर दुसरा कोणताच त्याची जागा घेऊ शकत नव्हता.

तो दुवा १९९१ च्या आसपास निखळला. सोव्हिएत संघ तेल आणि सुटे भाग मैत्रीच्या भावात, मालाच्या बदल्यात देत असे. आता त्याने रोख परकीय चलन मागितलं आणि थोड्याच दिवसांत तो देशच राहिला नाही. तेल आटलं, सुटे भाग येईनासे झाले. पुकचांगसारखी सोव्हिएत मदतीने बांधलेली मोठी औष्णिक केंद्रं दुरुस्तीविना खिळखिळी झाली. मग सुरू झालं ते चक्र असं: वीज नाही म्हणून खाणीतलं पाणी उपसता येत नाही, पाणी उपसलं नाही म्हणून कोळसा निघत नाही, निघाला तर विजेवरची रेल्वे बंद म्हणून तो केंद्रापर्यंत पोचत नाही, कोळसा नाही म्हणून वीज नाही. १९९५ च्या महापुरात अनेक खाणी बुडाल्या आणि चक्र आणखी घट्ट झालं. खत थांबलं, पंप थांबले. त्यानंतरच्या दुष्काळात लाखो माणसं दगावली. रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा उठून पंप चालू करणाऱ्या शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात तुम्ही शिकवता. पाण्याची पाळी चुकली तर पिकाचं काय होतं हे तुमच्या वर्गातल्या मुलांना कोणी समजावून सांगायला नको. तिथे ती पाळी वर्षानुवर्षं चुकली. उत्तर कोरियाच्या दुष्काळाची कारणं सांगताना शासनाची धोरणं, पूर आणि धान्यवाटपाची कोसळलेली व्यवस्था यांची नावं घेतली जातात आणि ती बरोबरच आहेत. विजेचं नाव मात्र फार उशिरा घेतलं जातं.

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांनी उत्तर कोरियाचं तेल तोडलं आहे असं वाचतो. मग तिथली साधी माणसं स्वयंपाक, प्रवास, थंडी यांचं काय करतात? आणि निर्बंध आहेत तरी काय?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : तेल पूर्ण तोडलेलं नाही, त्यावर मर्यादा घातली आहे. डिसेंबर २०१७ मधल्या सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक २३९७ नुसार उत्तर कोरियाला वर्षाला जास्तीत जास्त ४० लाख बॅरल कच्चं तेल आणि ५ लाख बॅरल शुद्ध केलेली उत्पादनं, म्हणजे पेट्रोल, डिझेल, रॉकेल वगैरे, देता येतात. कच्चं तेल चीनमधल्या दान्दोंगजवळून एका जुन्या नळवाहिनीतून येतं. पाच लाख बॅरल हा आकडा मोठा वाटतो, पण एका बॅरलमध्ये सुमारे १५९ लिटर धरून लोकसंख्येने भागा. माणशी वर्षाला तीन लिटर! लष्कर, ट्रॅक्टर, मासेमारीच्या बोटी, रुग्णालयांची जनित्रं सगळं यात आलं. समुद्रात एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चोरून तेल भरण्याचे प्रकार निर्बंधांवर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने वर्षानुवर्षं नोंदवले, ते या टंचाईपोटीच. मार्च २०२४ मध्ये रशियाने नकाराधिकार वापरून त्या गटाची मुदतवाढ रोखली. त्याच सुमारास रशियातून मर्यादेबाहेर तेल जाऊ लागल्याचं अमेरिकेने जाहीर केलं.

माणसं काय करतात, तर मिळेल त्यावर भागवतात. शहरांत कोळशाच्या भुकटीचे भोकं पाडलेले ठोकळे जाळतात. स्वयंपाकही त्यावर आणि जमिनीखालून घर ऊबदार ठेवणंही त्यावर. दरवर्षी हिवाळ्यात त्यातल्या विषारी वायूने झोपेत माणसं मरतात. खेड्यांत लाकूडफाटा, मक्याची कणसं, जे सापडेल ते. त्यापायी डोंगर उघडे झाले, आणि उघड्या डोंगरांवरून पावसाळ्यात माती धरणांत उतरली; म्हणजे सरपणाने जलविद्युतही गिळली. रस्त्यावर लाकडाच्या वायूवर चालणारे ट्रक अजून दिसतात.

एक गोष्ट मात्र खरोखर बदलली आणि ती लोकांनी स्वतः बदलली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत चीनहून आलेली लहान सौर पॅनेलं बाजारात मिळू लागली. प्योंगयांगच्या सज्जांपासून खेड्यातल्या छपरांपर्यंत ती दिसतात. एक पॅनेल, एक बॅटरी, एलईडीचा दिवा, मोबाइलचं चार्जिंग, जमलंच तर लहान दूरदर्शन संच. कोणत्याही योजनेविना, बायकांनी बाजारात मिळवलेल्या पैशांतून हे झालं. मला या साऱ्या प्रकरणात आशेची जागा कुठे दिसत असेल तर ती इथे.

आणि म्हणूनच निर्बंधांमधली एक तरतूद मला खटकते. त्याच २३९७ क्रमांकाच्या ठरावाने यंत्रसामग्री आणि विजेची उपकरणं हे आयातीचे पूर्ण वर्गच बंद केले. सौर पॅनेल, जनित्र, रोहित्र, पाण्याचा पंप सगळं त्या वर्गांत येतं. क्षेपणास्त्राच्या कारखान्याला लागणारं यंत्र रोखायलाच हवं, याबद्दल दुमत नाही. पण प्रसूतिगृहातला दिवा आणि क्षेपणास्त्राचं यंत्र एकाच कायद्याच्या पट्टीने मोजले गेले. रुग्णालयासाठी अशी उपकरणं न्यायची तर मदतसंस्थेला सुरक्षा परिषदेच्या समितीकडे प्रत्येक खेपेला वेगळी सूट मागावी लागते. पिण्याच्या पाण्यासाठी युनिसेफने उत्तर कोरियात उतारावरून आपोआप वाहत येणाऱ्या पाणीयोजना बांधल्या, त्याचं साधं कारण हे की पंप चालेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

प्रश्न : शेजारी देशांनी मिळून हा प्रश्न सोडवायचे प्रयत्न झाले नाहीत का? पुढे काही होण्याची शक्यता आहे?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : झाले, आणि एक तर इतका मोठा झाला की तो यशस्वी झाला असता तर आज हे सदर वेगळ्या विषयावर असतं.

जून १९९४ मध्ये योंगब्योनवरून युद्धाची वेळ आली होती. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर प्योंगयांगला गेले, उत्तरेचे सर्वोच्च नेते किम इल-सुंग यांना भेटले आणि वाटाघाटींचं दार उघडलं. किम पुढच्याच महिन्यात वारले, तरी २१ ऑक्टोबर १९९४ रोजी जिनिव्हात अमेरिका आणि उत्तर कोरिया यांच्यात करार झाला. उत्तरेने आपल्या अणुभट्ट्या थांबवायच्या. बदल्यात तिला हजार-हजार मेगावॉटच्या दोन हलक्या पाण्याच्या अणुभट्ट्या बांधून द्यायच्या आणि त्या पूर्ण होईपर्यंत दरवर्षी पाच लाख टन फर्नेस ऑइल द्यायचं. त्यासाठी अमेरिका, दक्षिण कोरिया आणि जपान यांनी १९९५ मध्ये केडो ही संस्था काढली. नंतर युरोपीय संघही आला. पूर्व किनाऱ्यावर सिन्पोजवळ कुम्हो इथे ऑगस्ट १९९७ मध्ये जमीन सपाट करायला सुरुवात झाली. युद्ध कागदोपत्री अजून संपलेलं नसताना दक्षिणेतले अभियंते आणि कामगार उत्तरेच्या भूमीवर राहून काम करत होते. ही साधी गोष्ट नव्हती.

मग मोडलं कुठे? करारावर सही होऊन काही आठवडे होतात तोच अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये विरोधकांचं बहुमत आलं आणि तेलाचे पैसे दरवर्षी रडतखडत मंजूर होऊ लागले. अणुभट्ट्या २००३ पर्यंत व्हायच्या होत्या. पहिलं काँक्रीट पडलं ऑगस्ट २००२ मध्ये. उत्तरेने दुसऱ्या बाजूला युरेनियम समृद्ध करण्याची खटपट गुपचूप चालवली होती. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेने तो आरोप समोर ठेवला, डिसेंबरपासून तेल थांबलं, आणि उत्तरेने थांबवलेल्या अणुभट्ट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना घालवून योंगब्योन पुन्हा चालू केलं. केडोने मे २००६ मध्ये प्रकल्प अधिकृतपणे गुंडाळला. त्यावर दीड अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला होता, बराचसा दक्षिण कोरियाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तरेने पहिली अणुचाचणी केली.

तुम्ही अभियांत्रिकी शिकता म्हणून एक तांत्रिक बाब सांगतो, जी राजकारणाच्या गदारोळात झाकली गेली. वीजजाळ्यातला एकच संच जाळ्याच्या एकूण क्षमतेच्या साधारण दहा टक्क्यांहून मोठा नसावा असा नियम मानतात. तो अचानक बंद पडला तर बाकीचं जाळं कोसळू नये म्हणून. उत्तर कोरियाचं जाळं इतकं लहान आणि तुटक होतं की हजार मेगावॉटचा संच त्याला पेलवलाच नसता. शिवाय अणुभट्टी थंड ठेवायला बाहेरून अखंड वीज लागते. अणुभट्ट्या वेळेत पूर्ण झाल्या असत्या तरी तारा, उपकेंद्रं, नियंत्रण कक्ष नवे बांधल्याशिवाय किंवा दक्षिणेच्या जाळ्याशी जोडल्याशिवाय त्यांचा उपयोग नव्हता. त्या तारांची तरतूद करारात नव्हती. राजकारण्यांना फीत कापता येईल असा प्रकल्प हवा होता, देशाला दुरुस्ती हवी होती.

नंतर कैसोंग आलं. सीमेलगत उत्तरेच्या हद्दीत दक्षिणेच्या कंपन्यांची औद्योगिक वसाहत. तिला २००७ पासून दक्षिणेतल्या मुन्सानहून १५४ किलोव्होल्टच्या वाहिनीने एक लाख किलोवॉटपर्यंत वीज देण्याची सोय झाली. १९४८ नंतर दोन्ही कोरियांमध्ये पहिल्यांदाच मोठी वीजवाहिनी जोडली गेली, यावेळी उलट दिशेने. पन्नास हजारांहून अधिक उत्तर कोरियाई कामगार, त्यांतल्या बहुतेक बायका, तिथे काम करत. तिथल्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी कैसोंग शहरातल्या घरांनाही जाई. फेब्रुवारी २०१६ मध्ये, उत्तरेची अणुचाचणी आणि त्यामागोमाग रॉकेट उड्डाण झाल्यावर, दक्षिणेने वसाहत बंद केली, उत्तरेने दक्षिणेच्या लोकांना घालवलं आणि दक्षिणेने त्याच रात्री वीज तोडली. पाणीही थांबलं. २०२४ च्या अखेरीस उत्तरेचे सैनिक त्या वाहिनीच्या मनोऱ्यांवरून तारा उतरवताना दिसले.

१९४८, २००२, २०१६. तिन्ही वेळा वीज किंवा तेल देणाऱ्याच्या हातात एक कळ होती आणि भांडण पेटताच त्याने ती दाबली. प्रत्येक वेळी त्याच्याकडे कारण होतं, २०१६ मध्ये तर गंभीर कारण होतं. पण घेणाऱ्याने त्यातून काय शिकावं? शेजाऱ्याच्या विजेवर घर चालवू नये, हेच. उत्तर कोरियाचे राज्यकर्ते ते शिकले आहेत, आणि दक्षिणेने २००५ मध्ये वीस लाख किलोवॉट वीज थेट देऊ केली तेव्हा ती त्यांनी मनावर घेतली नाही यात मला नवल वाटत नाही. रशियातून दक्षिण कोरियाकडे उत्तरेमार्गे नैसर्गिक वायूची नळवाहिनी नेण्याची योजना ऑगस्ट २०११ मध्ये उत्तरेचे नेते किम जाँग-इल आणि रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष मेदवेदेव यांच्या भेटीत पुढे आली, तीही तशीच राहिली. आज रशियाकडून येणारं तेल हीसुद्धा एकाच हातातली तोटी आहे. रशियाला उत्तरेची गरज भासवणारं युक्रेनचं युद्ध संपल्यावर ती किती दिवस उघडी राहील?

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि तो सत्तर वर्षं टिकला आहे. सुपुंगचं तेच धरण. यालू नदी चीन आणि उत्तर कोरिया यांची सीमा, त्यामुळे धरणाचं एक टोक इकडे आणि एक तिकडे. १९५५ मध्ये दोघांनी संयुक्त कंपनी काढली आणि वीज निम्मी-निम्मी वाटून घ्यायचं ठरवलं. चीनची वीज ५० हर्ट्झची, कोरियाची ६० ची. म्हणून काही जनित्रं एका वेगाने फिरतात, काही दुसऱ्या. पुढे त्याच नदीवर आणखी धरणं याच रीतीने झाली. मधल्या काळात सांस्कृतिक क्रांतीत दोन्ही देशांचे संबंध कमालीचे बिघडले, चीनने दक्षिण कोरियाशी संबंध जोडल्यावर उत्तर रुसली, अणुचाचण्यांनंतर चीनने निर्बंधांना मत दिलं. धरण चालूच राहिलं. कारण इथे कोणी कोणाला देत नाही. पाणी दोघांचं, यंत्रं दोघांची, आणि एकाने बंद केलं तर त्याचाही अंधार होतो.

माझं मत विचाराल तर पुढच्या सहकार्याचा नमुना सुपुंगमध्ये आहे, केडोमध्ये नाही. ईशान्य आशियाचं महाजाळं, गोबीच्या वाळवंटातली सौरवीज टोकियोपर्यंत नेणं, अशी मोठी स्वप्नं अधूनमधून मांडली जातात. जपानी उद्योगपती मासायोशी सोन यांनी २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर असं एक मांडलं होतं. ती वाईट नाहीत, पण त्यांची सुरुवात उत्तर कोरियापासून होणार नाही. अण्वस्त्रांचा प्रश्न जसाच्या तसा असताना कोणी अब्जावधी डॉलर तिथल्या जमिनीत घालणार नाही. होऊ शकतं ते लहान काम. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या नॉटिलस इन्स्टिट्यूट या संस्थेच्या अभियंत्यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या उन्हारी गावात स्थानिक तंत्रज्ञांच्या खांद्याला खांदा लावून सात पवनचक्क्या उभ्या केल्या आणि गावातल्या घरांना, दवाखान्याला वीज दिली. दोन्ही बाजू एकमेकांना शत्रू मानत असताना हे झालं. २०१२ च्या सुमारास उत्तर कोरियाने आपले काही लहान जलविद्युत प्रकल्प क्योटो कराराखालच्या कार्बन यंत्रणेत नोंदवले. त्यासाठी आकडे द्यावे लागले, बाहेरच्या तपासनिसांना येऊ द्यावं लागलं, आणि त्यांनी ते दिलं. जो देश स्वतःबद्दल फारसं काही सांगत नाही तो धरणाच्या पाण्याचा हिशेब द्यायला तयार झाला, हे लहान नाही.

अशा कामांचा एक गुण तुमच्या लक्षात येईल. छपरावरचं पॅनेल एकदा बसलं की कोणाला दूर बसून बंद करता येत नाही, आणि त्याच्यावर क्षेपणास्त्राचा कारखानाही चालत नाही. दोन्ही बाजूंची भीती त्याने एकदम कमी होते.

प्रश्न : यात भारताचं काय?
— नागपूरहून एक वाचक

उत्तर : दिसतं त्याहून अधिक. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांना अनुसरून भारताने एप्रिल २०१७ मध्ये उत्तर कोरियाशी अन्न आणि औषधं सोडून बाकीचा व्यापार थांबवला, पण प्योंगयांगमधला दूतावास ठेवला. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या विनंतीवरून क्षयरोगाची दहा लाख डॉलरची औषधं पाठवली. प्योंगयांग आणि सोल या दोन्ही ठिकाणी ज्याचं बोलणं ऐकून घेतलं जातं अशा थोड्या देशांत आपण आहोत.

शिवाय सीमेपलीकडच्या विजेचा अनुभव आपल्या गाठीला आहे. भूतानमधला चुखा प्रकल्प भारताच्या मदतीने बांधला गेला आणि त्याची जादा वीज भारतच विकत घेतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या जाळ्यातून बांगलादेशाला गेली, ढाक्याशी आपले संबंध ताणलेले असतानाही. देणारा, घेणारा आणि मधला वाहक असे तिघे असले की एकट्याला कळ दाबणं अवघड होतं, हे आपण करून पाहिलं आहे.

तेव्हा भारताने सुरक्षा परिषदेच्या समितीकडे एक मर्यादित मागणी धरावी असं मला मनापासून वाटतं: रुग्णालयं, शाळा आणि पिण्याच्या पाण्याचे पंप यांसाठी ठरावीक क्षमतेखालची सौर उपकरणं कायमची निर्बंधमुक्त करावीत, आणि ती कुठे बसली याची पाहणी संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थांनी करावी. याने उत्तर कोरियाचं राजकारण बदलणार नाही. बाळंतपणाच्या खोलीत रात्रभर दिवा राहील, आणि त्यासाठी अणुकराराची वाट पाहण्याचं काहीच कारण नाही.